शून्यापासून मोजा

"सर, माझी 'जी'ची व्हॅल्यू १०.८ येतेय." लंबकावरून गुरुत्व त्वरण, म्हणजे 'जी', काढताना अकरावीच्या बॅचमध्ये दरवर्षी कुणीतरी रडवेल्या आवाजात हे सांगतंच. मी जर्नल न बघता विचारतो, "घड्याळ सुरू केलंस तेव्हाच 'एक' म्हणालास ना?" पोरगा चकित होतो. पण सुरुवातच 'एक'नं केली, की 'वीस' म्हणेपर्यंत आंदोलनं एकोणीसच होतात. आवर्तकाल पाच टक्क्यांनी कमी भरतो आणि सूत्रात त्याचा वर्ग असल्यानं 'जी' जवळपास अकरा टक्क्यांनी फुगतो. ९.७ आलं, तर माझा प्रश्न बदलतो: दोऱ्याच्या लांबीत गोळ्याची त्रिज्या मिळवलीस का?

मला धास्ती असते ती बिनचूक ९.८ आणणाऱ्यांची. मीही त्यातलाच. बारावीच्या प्रॅक्टिकलला वेळ संपत आली, तेव्हा मीटरभर लंबकासाठी उलटं गणित करून वीस आंदोलनांचा वेळ लिहून टाकला: ४०.१४ सेकंद. एक्स्टर्नल परीक्षकांनी स्टॉपवॉच माझ्यापुढं सरकवलं. "यातला तो शेवटचा चार दाखव." घड्याळाचा लीस्ट काउंट ०.१ सेकंद होता; त्याहून बारीक ते मोजतच नव्हतं. कान अजून गरम होतात.

शिवाय कळ दाबायला बोटाला होणारा उशीर आहेच. तो ०.२ सेकंद धरा. चाळीस सेकंदांत अर्धा टक्का, म्हणजे 'जी'मध्ये एक टक्का. आमच्या प्रयोगशाळेतून इमानदारीनं निघेल ते ९.८ अधिक-उणे ०.१. पुढचे सगळे दशांश कॅल्क्युलेटरच्या मालकीचे. गंमत म्हणजे १९०१ साली ठरलेलं ९.८०६६५ हे प्रमाण मूल्य पंचेचाळीस अक्षांशाच्या आसपासचं. पुण्यात 'जी' साधारण ९.७८ आहे. म्हणजे आम्ही चोरलेलं उत्तरही परगावचं!

एककांचं तर विचारूच नका. लांबी सेंटिमीटरमध्ये घ्यायची आणि उत्तरापुढं मीटर लिहायचं, की 'जी' ९८० मीटर प्रति सेकंद वर्ग. मुलं हसतात, तेव्हा मी १९९९ सालच्या नासाच्या मार्स क्लायमेट ऑर्बिटरची आठवण देतो. एका बाजूचे आकडे पौंडांत, दुसरीकडं ते न्यूटनचे समजले गेले, आणि यान मंगळापाशी गमावलं.

परवा एका मुलीनं ९.७ आणलं. त्रिज्या मिळवलेली होती, मोजणी शून्यापासून होती. तिनं काही खोडलं नव्हतं. शेजारी अधिक-उणे ०.१ आणि खाली पेन्सिलीनं एक ओळ: "लांबी मोजल्यावर दोरा थोडा ताणला असावा." मी दोरा पुन्हा मोजला. जवळजवळ एक सेंटिमीटर वाढला होता.

दहापैकी दहा दिले.