तारेवरची पत्रं

लातूरच्या आमच्या घरात दाराआडच्या खुंटीला एक तार लटकत असे. खाली लाकडाची चकती, वर आकडा. आलेलं पत्र वाचून झालं की बाबा ते तारेत टोचत. कार्ड, आंतर्देशीय, विजेचं बिल, लग्नपत्रिका, सगळं एकावर एक. तार गच्च भरली की बाबा सगळे कागद उतरवत, वरचे थोडे परत टोचत आणि बाकीचे बंबात घालत. त्या कागदांवर आमच्या अंघोळी झाल्यात.

एक कार्ड मात्र तारेपर्यंत कधीच पोचत नसे. कोपरा फाडलेलं. ते बाबा उंबऱ्याबाहेर उभ्यानंच वाचत, तिथंच फाडत आणि न बोलता न्हाणीघराकडं वळत.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. विसर्जनाची रात्र नुकती सरलेली. पुढं कित्येक दिवस पत्रं येत राहिली, तारा येत राहिल्या. सुखरूप आहात का, ताबडतोब कळवा. आमच्या भिंतीला दोन तडे गेले होते, बस. पण सोलापूर-पुण्याच्या नातेवाइकांना फक्त ‘लातूर’ एवढंच ऐकू गेलेलं. ती पत्रं बाबांनी टोचली नाहीत. सुतळीनं बांधून ट्रंकेत ठेवली. आमच्या घराचं दफ्तर म्हणावं तर तेवढंच.

मी नोकरीसाठी नांदेडला आलो तोवर दादा अमेरिकेला गेला होता. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी ४ जुलै १९९६ला हॉटमेल सुरू केलं, आणि फुकटच्या मेलचं वारं पुढच्या चार-पाच वर्षांत वजिराबादेतल्या नेट कॅफेपर्यंत आलं. माझंही अशाच एका फुकट सेवेवर खातं होतं. हॉटमेलची जागा तेव्हा २ एमबी. इतरांची फार वेगळी नव्हती. आजचा मोबाइलवरचा एक फोटो त्यात मावणार नाही. दादा इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचा. लांबलचक, रात्री दोनला लिहिलेली, घराच्या आठवणीनं ओली झालेली पत्रं. मग त्यानं गाडी घेतली आणि तिचा फोटो पाठवला. पेटी भरली. फोटो उघडावा म्हणून मी त्याची मागची दोन वर्षांची पत्रं एकेक खूण करून पुसली. तासाचे पैसे चालू होते आणि लोडशेडिंगची वेळ होत आली होती, एवढंच माझं समर्थन.

१ एप्रिल २००४ला जीमेल आलं तेव्हा १ जीबी जागा ही अनेकांना एप्रिल फूलची थट्टा वाटली. नंतर ती १५ जीबी झाली आणि पुसायची सवयच गेली. त्यामुळं ‘हा मेल दहा जणांना पाठवा, नाहीतर’ अशा धमक्या माझ्याकडं सुखरूप आहेत. दादाची ती पत्रं नाहीत. टिकणं हे पेटीच्या मापावर. मजकुराला कोण विचारतो?

बाबांचं खातं निवृत्तीनंतर मीच उघडून दिलं होतं. २०२१च्या अखेरीस बाबा गेले. दोन वर्षं न वापरलेली खाती डिसेंबर २०२३पासून पुसायला लागणार, असं गूगलनं जाहीर केलं, तेव्हा मला त्या पेटीची आठवण झाली. पासवर्ड त्यांच्या डायरीच्या शेवटच्या पानावर होता, किराणा दुकानाच्या नंबराखाली. त्याच दिवसांत मराठवाडाभर दफ्तरं उघडली जात होती. न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती कुणबी नोंदी शोधत जिल्ह्याजिल्ह्यांत फिरत होती. मोडी वाचणारे, उर्दू वाचणारे शोधून आणले जात होते. निजामाच्या काळातल्या ज्या कागदांवरची धूळ कुणी झटकली नव्हती, त्यांच्यावर घराघराचं लक्ष लागलेलं. मी दिवाळीच्या सुट्टीत लातूरच्या ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसलो.

गूगल टेकआऊट मेल देतं ते एमबॉक्स फाइलमध्ये. पेटीतली सगळी पत्रं एकाच मजकुराच्या फाइलीत, एकामागं एक. जोडलेले फोटोसुद्धा अक्षरांतच लिहिलेले, त्यामुळं ते एक तृतीयांशानं फुगतात. नोटपॅडसारख्या कशात उघडली तर पानंच्या पानं निरर्थक अक्षरं, आणि मधूनच एखादं ‘चि. यास आशीर्वाद’. थंडरबर्डमध्ये नेली की मग पत्रं सुटी दिसतात. माझीही पेटी मी तशीच उतरवून डिस्कवर घेतली. शोधणं मात्र अवघड. दादा ‘पाठवलं’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत चार तऱ्हांनी लिहितो. एक तऱ्हा शोधली की बाकीच्या तीन दडून राहतात.

बाबांच्या पेटीत पेन्शनच्या पावत्या, बँकेच्या सूचना, आणि पिवळी चांदणी लावलेले अकरा मेल. सगळे एप्रिल २०१६चे. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, त्या दिवसांतले. पाणी मिळतं का, आमच्याकडं निघून या. बाबांनी पुन्हा सुतळी बांधली होती.

मग ‘सेंट’ उघडलं. बाबांनी ‘रिप्लाय’ कधी दाबला नाही. उत्तर म्हणजे नवं पत्र, सा. न. वि. वि.पासून. त्यात नऊ पत्रं सांत्वनाची. ‘आपला मेल वाचून हात गळाले’ अशा अर्थाची. पण ज्यांना ही उत्तरं, ते मेल कुठंच नव्हते. तारखा लावून पाहिल्या, नावं लावून पाहिली. आलेल्यांत नाहीत, कचऱ्यातही नाहीत.

आईला विचारलं. ती शेंगा सोलत होती.

“असलं पत्र घरात ठेवतेत का?”

थोड्या वेळानं तिनंच विचारलं, “बाबा गेले तवा तू सगळ्यांना पाठवलास की. ते हाय का अजून?”

“आहे. सव्वीस जणांना गेला होता. माझ्या डिस्कवर आहे.”

“मग ती डबी इथं ठेवू नको.”

सकाळी बाबांची फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि ट्रंकेत सुतळीच्या गठ्ठ्याशेजारी ठेवली. माझी डिस्क पिशवीत घालून अहमदपूरमार्गे जाणाऱ्या नांदेडच्या एसटीत बसलो.