दुपटीचा ठोकळा

फासे आणि सोंगट्या यांचे वेड आपल्या देशास नवे नाही. वेरूळच्या २१ व्या आणि २९ व्या लेण्यांत शिवपार्वती द्यूत खेळताना कोरलेली आहेत. बुलढाण्याहून तेथे सहलीस गेलेल्या आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांनी ती पाहिली असतील. इराणात एक जुनी पहलवी कथा आहे. हिंदुस्थानच्या राजाने खुस्रू नौशेरवानाच्या दरबारी बुद्धिबळाचा पट पाठवून त्याचे कोडे उलगडण्याचे आव्हान दिले. बुजुर्गमिहिर नामक प्रधानाने ते तर उलगडलेच, पण उलट नर्द नावाचा फाशांचा खेळ रचून इकडे धाडला, आणि आमच्या पंडितांस तो काही उलगडला नाही. कथा इराण्यांची असल्यामुळे तिचा शेवट असा व्हावा हे क्रमप्राप्तच आहे! त्या नर्दाच्या कुळातला खेळ अरब देशांत तावला या नावाने आणि युरोप-अमेरिकेत बॅकगॅमन या नावाने आजही खेळतात.

आमच्या घरी तो मस्कतमार्गे आला. आमचे साडू तेथे बारा वर्षे नोकरी करून मलकापूर तालुक्यातील वडिलोपार्जित शेतीवर परतले, तेव्हा त्यांच्या सामानात शिंपल्याची नक्षी केलेला एक घडीचा पट होता. पटावर २४ टोकदार घरे, दोघांच्या प्रत्येकी १५ सोंगट्या, दोन फासे. आपल्या सर्व सोंगट्या शेवटच्या सहा घरांत आणून मग पटाबाहेर काढावयाच्या, वाटेत कोणाची सोंगटी एकटी सापडल्यास मारावयाची, इतकाच खेळ. दहा वर्षांचे मूल तो एका संध्याकाळी शिकते. साडूंच्या पटात एक वस्तू मात्र नव्हती. तिची माहिती आम्हास पुढे पुस्तकांतून झाली, आणि गावच्या सुताराकडून आम्ही ती सागाच्या तुकड्याची करवून घेतली. ती म्हणजे दुपटीचा ठोकळा. या लेखाचा विषय तोच आहे.

ठोकळा घनाकृती असतो व त्याच्या सहा बाजूंवर २, ४, ८, १६, ३२, ६४ असे आकडे असतात. १९२० च्या दशकात न्यूयॉर्क शहरातील खेळाडूंनी ही युक्ती काढली. डाव एका गुणाचा म्हणून सुरू होतो. आपली बाजू वरचढ झाली असे ज्यास वाटेल त्याने फासे टाकण्यापूर्वी ठोकळा पुढे सरकवून म्हणावे, ‘दुप्पट’. प्रतिपक्षाने एक तर डाव तेथेच सोडून एक गुण द्यावा, नाही तर ठोकळा स्वतःजवळ घेऊन दोन गुणांसाठी खेळावे. ठोकळा घेतल्यावर पुन्हा दुप्पट करण्याचा हक्क घेणाऱ्याचा एकट्याचा. (आमच्या घरी पैसे लावून खेळ होत नाही, गुण खडूने पाटीवर मांडतात.)

आता प्रश्न असा की, ठोकळा घ्यावा केव्हा व सोडावा केव्हा? हिशेब सातवीच्या मुलास करता येण्याजोगा आहे. असे चार डाव समजा. चारही सोडले तर चार गुण गेले. चारही घेतले आणि त्यांतून एकच जिंकला, तर तीन डावांचे सहा गुण गेले व एका डावाचे दोन मिळाले. वजाबाकी पुन्हा चारच. म्हणजे चारांत एक डाव जिंकण्याची आशा असेल, तर घेणे व सोडणे सारखेच. त्याहून अधिक असेल तर घ्यावा, कमी असेल तर मुकाट्याने सोडावा. आपण हरतो आहोत हे सोडण्यास पुरेसे कारण नाही, ही गोष्ट नवख्यास सहसा पटत नाही.

एक उदाहरण पाहू. प्रतिस्पर्ध्याची एकच सोंगटी उरली असून पुढच्या फेरीस ती निश्चित बाहेर पडणार आहे. आपल्या दोन सोंगट्या चौथ्या व पहिल्या घरात आहेत आणि फासे आपल्या हाती आहेत. दोन फाशांच्या ३६ दानांपैकी २९ दानांनी आपल्या दोन्ही सुटतात. प्रतिस्पर्ध्याच्या वाट्यास सातच दाने. ३६ चा चतुर्थांश ९, तेव्हा आपण ठोकळा सरकवल्यास त्याने सोडणेच रास्त. चौथ्या घरातील सोंगटी पाचव्यात असती, तर आपली दाने २३ व त्याची १३ झाली असती, आणि त्याने ठोकळा निःशंक घ्यावयास हवा होता. एका घराचा काय तो फरक! एमेट कीलर व जोएल स्पेन्सर यांनी १९७५ साली याचे अधिक सूक्ष्म गणित मांडून दाखविले की, ठोकळा हाती असण्याचाही काही लाभ असल्यामुळे लांबच्या डावात चतुर्थांशाहून किंचित कमी आशेवरही तो घेता येतो. पुढे १९७९ मध्ये हान्स बर्लिनर यांच्या संगणकाने माँटे कार्लो येथे जगज्जेत्या लुइजी व्हिला यास ७–१ असे हरविले. तथापि त्या दिवशी फासेही संगणकाच्या बाजूने होते, हे खुद्द बर्लिनर यांनी सांगून टाकले.

ही रीत हस्तिनापुरास ठाऊक नव्हती. आव्हान आल्यावर माघार घ्यावयाची नाही, असे युधिष्ठिराचे व्रत होते. धृतराष्ट्राने सर्व परत दिल्यानंतर वाटेवरून पुन्हा बोलावणे आले, तरी तो परतला व बसला. सभेत ‘नाही’ या शब्दास काही ठराविक किंमत नेमलेली असती, तर तो शब्द उच्चारण्यात कमीपणा उरला नसता. ठोकळ्याने ती किंमत नेमून दिली, आणि आमच्या मते त्याची थोरवी दुपटीपेक्षा यातच अधिक आहे.

परंतु एकेक डाव सुटा न खेळता ठराविक गुणांचा सामना लावला, म्हणजे हा चतुर्थांशाचा नियमही डळमळतो. पाच गुणांचा सामना घ्या. दोघांचे तीन-तीन गुण झाले असता कोणी ठोकळा सरकवला, तर तो डाव म्हणजे सारा सामनाच. आणि सोडून ३–४ असे मागे पडले तरी सामना जिंकण्याची आशा शेकडा सुमारे तीस उरते. तेव्हा तेथे पंचवीसवर घेणे चूक. उलट ३–१ ने पुढे असलेल्याने दुप्पट केली, तर मागच्याने ती घेताच उलट चार करावे. दोन गेले काय, चार गेले काय, सामना जाणारच, पण चार मिळाले तर सामना त्याचा. विजयास एकच गुण उरला असता तर मागच्याने प्रत्येक डावी आंधळी दुप्पट केली असती. म्हणून जॉन क्रॉफर्ड या अमेरिकन खेळाडूच्या नावाचा नियम आहे: त्या टप्प्यावरचा पहिला डाव ठोकळ्यावाचून खेळावयाचा. पट तोच, सोंगट्या त्याच. योग्य चाल कोणती ते पाटीवरचे गुण पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

हे आम्ही साडूंस समजावीत होतो तो जून संपत आला होता. कृषिखात्याच्या सांगण्याप्रमाणे ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावाचून पेरू नये. पाऊस तेवढा झाला, सोयाबीन पेरले गेले, आणि मग तीन आठवडे आभाळ कोरडे राहिले. साडू ठोकळा बोटांनी फिरवीत म्हणाले, “मास्तर, दुबार पेरणी म्हणजे हेच की! पण तुमच्या खेळात नाही म्हणायला एक गुण लागतो. आमच्याकडे नाही म्हटलं तर वर्ष जातं.”

आम्ही त्यावर पुष्कळ विचार केला. त्यांच्या शेतात विहीर आहे व मस्कतची थोडी शिल्लक आहे; त्यांस यंदा सोडता येण्याजोगे होते. त्यांच्या बांधाला लागून ज्याची चार एकर आहे, त्याच्या डोक्यावर मागील दोन हंगामांचे कर्ज आहे. बियाणे एकाच दुकानचे, आभाळ एकच. परंतु दोघांचा हिशेब एक नव्हे. तो शेजारी व्याजाने पैसे काढून पुन्हा पेरतो, तेव्हा बसथांब्यावरची मंडळी त्यास जुगारी म्हणतात. ३–१ ने मागे असलेल्याने चार करावे, हे खेळाचे पुस्तक शहाणपण म्हणून शिकविते. फरक इतकाच की, पाटी पुसून नवा सामना मांडण्याची सोय त्यास नाही, आणि त्याचा डाव ठोकळ्यावाचून खेळू देणारा क्रॉफर्डही त्याच्या तालुक्यात कोणी नाही. पीकविमा तसा असावा अशी अपेक्षा आहे. साडू त्या शब्दावर नुसते हसले.

आमचा सामना अकरा गुणांचा असून आम्ही दहावर व साडू आठावर आहेत. क्रॉफर्डचा डाव होऊन गेला आहे, म्हणजे पुढील डावी पहिल्याच संधीस ते ठोकळा सरकविणार आणि आम्ही तो घेणार. पण जुलैच्या मध्यास पाऊस आला, साडू राजूर घाटाने खाली उतरले ते बियाण्याची पोती घेऊनच, आणि शेजाऱ्याची तिफण आधी चालवून मग त्यांनी आपली जुंपली. पाटी आम्ही पुसलेली नाही.