गुणतक्ता आणि ताळेबंद

२०१५-१६ च्या आय-लीग या देशपातळीवरच्या फुटबॉल स्पर्धेत नऊ संघ होते. हंगाम संपला तेव्हा पुण्याचा डीएसके शिवाजियन्स नवव्या, म्हणजे शेवटच्या जागी होता आणि मिझोरामचा ऐझॉल एफसी आठव्या. खालच्या श्रेणीत पाठवला गेला तो आठवा. नववा संघ बोली लावून लीगमध्ये थेट आलेला होता आणि अशा संघांना सुरुवातीच्या काळात रेलिगेशनपासून संरक्षण होतं. पुढे गोव्याच्या साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लबने भारतीय फुटबॉल महासंघाच्या नव्या लीगरचनेच्या निषेधार्थ माघार घेतली, पाठोपाठ धेंपोही बाहेर पडला. जागा रिकाम्या झाल्या म्हणून ऐझॉलला परत बोलावलं गेलं. २०१६-१७ ची आय-लीग त्याच ऐझॉलने ३७ गुणांनिशी जिंकली. मोहन बागान ३६ गुणांवर राहिला. आणि ज्याला नियमाने वाचवलं होतं तो डीएसके शिवाजियन्स, पाठीशी असलेला उद्योगसमूह आर्थिक अडचणीत आल्यावर, २०१७ मध्ये लीगमधून निघून गेला.

मी सनदी लेखापाल आहे. खोपोली आणि खालापूर परिसरातल्या कारखान्यांचे हिशेब तपासणं हा माझा रोजचा व्यवसाय. त्याच्या जोडीने मी फुटबॉल क्लबांच्या परवान्याची कागदपत्रं तयार करून देतो. गुणतक्ता सगळेच वाचतात. मला त्याच्यामागचा ताळेबंदही वाचावा लागतो. तो वाचून माझं एक ठाम मत झालं आहे: तळाला कोण गेलं हे मैदानानेच ठरवावं, पण त्यासाठी पैशांची परीक्षा हंगाम सुरू होण्याआधी व्हायला हवी, ती सगळ्यांना सारखी हवी आणि नापास होणाऱ्याला उतरायला खालची पायरी हवी. या तीन गोष्टी नसल्या की रेलिगेशनचा नियम दुबळ्यांपुरता उरतो.

लीगमध्ये खेळण्यासाठी क्लबला लागणाऱ्या परवान्याची पद्धत मुळात युरोपातली. आशियाई महासंघाने ती आपल्याकडे आणली. निकष पाच प्रकारचे: खेळ, सुविधा, मनुष्यबळ, कायदा आणि वित्त. म्हणजे कुमार संघ आहेत का, मैदान सुरक्षित आहे का, प्रशिक्षकाकडे योग्य दर्जाचं प्रमाणपत्र आहे का, क्लबची मालकी कोणाची, आणि लेखापरीक्षण झालेले हिशेब काय सांगतात. प्रत्येक निकषाला अ, ब किंवा क दर्जा असतो. अ दर्जाचा निकष चुकला की परवाना नाही, ब चुकला की दंड किंवा ताकीद, क हा सल्ल्यापुरता. नकार मिळाल्यास अपील करता येतं आणि विशेष बाब म्हणून सूट देण्याचीही सोय आहे.

वित्ताच्या निकषांत कळीचा मुद्दा एकच, थकीत देणी. खेळाडू, प्रशिक्षक, कर्मचारी, इतर क्लब यांपैकी कोणाचे पैसे मुदत उलटूनही द्यायचे राहिलेले नसावेत. वाचायला नियम कडक आहे, पण त्यात एक वाट आहे. घेणेकऱ्याने लेखी संमतीने मुदत वाढवून दिली असेल, तर ती रक्कम थकीत धरली जात नाही. अशी पत्रं मी पाहिलेली आहेत. एका क्लबच्या फाइलमध्ये सगळ्या खेळाडूंची पत्रं एकाच मजकुराची, एकाच तारखेची होती. फक्त नाव आणि आकडा बदललेला. ‘माझे अमुक महिन्यांचे मानधन क्लबने पुढील हंगामात द्यावे, माझी हरकत नाही.’ खाली सही. काही मुलांची सही अजून शाळेतल्यासारखी गोल गोल, पूर्ण नाव लिहिलेली. हरकत नसेल कशी? घरभाडं द्यायचंय, गावी पैसे पाठवायचेत. पण पुढचा करार ज्याच्या हातात आहे तोच समोर कागद सरकवतो, तेव्हा विशीतला मुलगा सही करतो. कागद नियमात बसतो, परवाना मिळतो, गुणतक्त्यात क्लबचं नाव राहतं. आणि ज्या क्लबने आधी पगार दिले, उरलेल्या पैशात बसतील तेवढेच खेळाडू घेतले, तो दोन गुणांनी खाली जातो. आर्थिक पळवाटेचा परिणाम गुणतक्त्यावर होतो तो असा.

महाराष्ट्राने या खेळात किती गमावलं त्याची यादी काढली की मन विषण्ण होतं. आमच्या खोपोलीत महिंद्र हे नाव पोलाद कारखान्याचं होतं. मुंबईत तेच नाव फुटबॉल संघाचंही होतं. १९६२ पासून चालत आलेला महिंद्र युनायटेड २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकला आणि २००९-१० च्या हंगामानंतर बंद झाला. २०१३ मध्ये एअर इंडिया आणि ओएनजीसी हे मुंबईचे दोन कार्यालयीन संघ परवान्याच्या निकषांवर आय-लीगबाहेर गेले. पिरामल समूहाचा पुणे एफसी २०१२-१३ चा उपविजेता. २०१५ मध्ये तो बंद झाला. कल्याणी समूहाचा भारत एफसी एकच हंगाम खेळला आणि त्याच वर्षी मिटला. मुंबई एफसीचे अनेक वर्षांचे प्रशिक्षक खालिद जमील २०१६ मध्ये ऐझॉलला गेले आणि तिथे विजेतेपद मिळवलं. त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला जाऊन खालच्या श्रेणीत पडला. पण दुसऱ्या श्रेणीत तो खेळलाच नाही, क्लबच गुंडाळला गेला. २०१९ मध्ये एफसी पुणे सिटी संपला. एवढे संघ गेले, पण शेवटी बाहेर पडल्यावर खालच्या श्रेणीतून झुंजत परत वर आला, असा यांच्यातला एकही नाही.

गोव्यातलं उदाहरण आणखी बोलकं आहे. चर्चिल ब्रदर्स २०१२-१३ चा आय-लीग विजेता. जानेवारी २०१४ मध्ये त्याने फेडरेशन कपही जिंकला. त्याच वर्षी परवान्याच्या निकषांत न बसल्यामुळे तो लीगबाहेर काढला गेला आणि २०१६-१७ मध्ये पुन्हा घेतला गेला. चेन्नई सिटीचंही तसंच, तो २०१८-१९ चा विजेता. २०२१ मध्ये परवान्यावरच अडला आणि त्याच्या जागी माहीमचा केंकरे एफसी आय-लीगमध्ये आला. केंकरे पुढे २०२२-२३ मध्ये खाली गेला तो सामने हरून. सरळ, रास्त रेलिगेशन. आपल्याकडे तसं क्वचितच घडतं.

हे फक्त आपलंच दुखणं आहे असं नाही. आयर्लंडची लीग छोटी, प्रेक्षक थोडे, प्रक्षेपणाचा पैसा तुटपुंजा. २००६ मध्ये डब्लिनचा शेलबर्न तिथला विजेता ठरला, पण कर्जापायी त्याला वरच्या श्रेणीचा परवाना नाकारला गेला आणि २००७ चा हंगाम विजेत्याने खालच्या श्रेणीत सुरू केला. २०१० मध्ये कॉर्क सिटी चालवणारी कंपनी बुडाली. समर्थकांच्या संस्थेने पुढे येऊन क्लब खालच्या श्रेणीत उभा केला. २०१२ मध्ये मोनाहन युनायटेडने हंगामाच्या मधेच पैशाअभावी माघार घेतली आणि त्याच्याविरुद्ध खेळले गेलेले सामने गुणतक्त्यातून पुसले गेले. ज्यांनी त्याला हरवलं होतं त्यांचे गुण गेले. परीक्षा हंगामाआधी का व्हायला हवी, याचं यापेक्षा ठळक कारण देता येणार नाही.

पण आयरिश कथेचा पुढचा भाग आपण नीट वाचायला हवा. कॉर्क सिटी २०११ मध्ये वर आला आणि २०१७ मध्ये लीग आणि कप दोन्ही जिंकला. शेलबर्न कधी वर, कधी खाली असा अनेक वर्षं झगडला आणि २०२४ मध्ये पुन्हा विजेता झाला. परवाना नाकारणं हे त्यांच्यासाठी मरण ठरलं नाही, कारण खाली चालू असलेली श्रेणी होती आणि कंपनी गेली तरी क्लबला आपला मानणारी माणसं होती. आपल्याकडे उद्योगसमूहाने हात काढून घेतला की क्लबच राहत नाही. जर्सी, मैदानाचा करार, बँक खातं, कुमार संघ, सगळं समूहाच्या एका सहीवर उभं असतं.

आमच्या भागात फुटबॉल तसा पाहुणाच. रायगडचा खरा खेळ कबड्डी. कर्जत-खालापूरच्या गावागावांत मंडळांचे संघ आहेत. या वर्षी जर्सीवर एका बिल्डरचं नाव, पुढच्या वर्षी दुसऱ्याच कोणाचं. प्रायोजक जातो, संघ राहतो, कारण तो गावाचा असतो. वर्गणीचा हिशेब सभेत वाचला जातो आणि आकडा जुळला नाही तर कोणीतरी उभा राहून विचारतो. फुटबॉल क्लबांना यातलं थोडं तरी घेता येईल.

काय करावं, ते मी स्पष्ट लिहितो. पहिलं, लीगमध्ये येणाऱ्या प्रत्येक क्लबने काही महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम हंगामाआधी बँक हमी म्हणून ठेवावी आणि पगार थकला की महासंघाने त्यातून थेट खेळाडूला द्यावा. दुसरं, मुदतवाढीच्या पत्रावर क्लबच्या कार्यालयात नव्हे, खेळाडू संघटनेच्या प्रतिनिधीसमोर सही व्हावी. तसं नसेल तर ती रक्कम थकीतच धरावी. तिसरं, सूट कोणाला आणि का दिली ते जाहीर व्हावं. विजेत्याला एक नियम, पैसेवाल्या नवागताला दुसरा आणि डोंगरातल्या छोट्या क्लबला तिसरा, हे थांबायला हवं. चौथं, परवाना नाकारलेल्या क्लबला एक श्रेणी खाली जागा मिळावी आणि ती श्रेणी वर्षभर नीट चालावी, म्हणजे त्या क्लबच्या कुमार संघातली मुलं एका रात्रीत बेघर होणार नाहीत.

या मुलांसाठीच हे सगळं लिहितो आहे. खोपोलीहून पहाटेची लोकल पकडून, कर्जतला गाडी बदलून, मुंबईला निवड चाचणीसाठी जाणारी मुलं मला माहीत आहेत. खोपोलीच्या गाड्या मोजक्या. एक चुकली की चाचणीची वेळ गेलीच. एवढ्या कष्टाने ती ज्या क्लबच्या दारात पोहोचतात, तो क्लब पुढच्या वर्षी असेल का, हे त्यांना कोणी सांगत नाही. आई-बापांनी क्लबचं नाव, प्रशिक्षक, किट हे जरूर पाहावं. पण आधी विचारावं की गेल्या हंगामाचे पगार झाले का आणि परवाना कोणत्या अटींवर मिळाला. उत्तर देणारा अडखळला, तर मुलाला दुसऱ्या क्लबच्या चाचणीला पाठवा.