उत्तर कोणी दिलं?

करण शर्मा यांना मी कधी भेटलेलो नाही, भेटण्याचा योग येईल असंही वाटत नाही. पण त्यांनी गो भाषेत लिहिलेलं डॉगो हे छोटंसं साधन मी रोज वापरतो. ज्या कामावर माझं घर चालतं, ते काम मला त्या साधनामुळे उमगलं. त्या ऋणाची ही नोंद.

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या महापे-रबाळे पट्ट्यात कारखान्यांच्या शेजारी आता डेटा सेंटर उभी आहेत. तिथल्याच एका लहान कंपनीत मी ग्राहकांच्या तक्रारी घ्यायच्या कामाला लागलो. वाशीच्या बाजारातले व्यापारी, नेरूळचे दवाखाने, खाजगी क्लास यांच्या वेबसाइट आणि मेल आमच्याकडे असत. "साइट उघडत नाही" ही रोजची तक्रार. अशा तक्रारींत सतत कानावर येणारं डीएनएस म्हणजे सगळी नावं आणि त्यांचे आयपी पत्ते लिहिलेली कुठेतरी ठेवलेली एक मोठी वही, अशी माझी समजूत होती. इंटरनेटच्या आरंभी खरोखरच तशी एक सामायिक फाइल होती. ती पुरेनाशी झाली म्हणून पॉल मोकापेट्रिस यांनी 1983 मध्ये नावांचा कारभार असंख्य सर्व्हरवर वाटून देणारी रचना मांडली. हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

एका ग्राहकाची साइट आम्ही नव्या सर्व्हरवर हलवली. आमच्या ऑफिसात नवी साइट दिसत होती, त्यांच्या घरी जुनीच. मी डिग हे डीएनएसला प्रश्न विचारणारं साधन चालवून पत्ता बरोबर असल्याचं सांगितलं. आमच्या वरिष्ठ मॅडमनी शांतपणे विचारलं, "उत्तर कोणी दिलं?" मला प्रश्नच कळला नाही. डिग ते सांगतं, अगदी खाली, एका ओळीत. पण त्या दाट इंग्रजी मजकुरात पत्ता सोडून दुसरं काही वाचायचं असतं, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

मॅडमनी मला डिगचंच काम करणारं डॉगो बसवून दिलं. त्यात उत्तर तक्त्यासारखं येतं: नाव, रेकॉर्डचा प्रकार, टीटीएल (उत्तर किती वेळ साठवून ठेवायचं ती मुदत), पत्ता आणि त्याच ओळीत उत्तर देणारा नेमसर्व्हर. एकाच वेळी अनेकांना विचारता येतं. आम्ही 1.1.1.1 आणि 8.8.8.8 हे दोन सार्वजनिक रिझॉल्व्हर (आपल्या वतीनं पत्ता शोधून देणारे सर्व्हर) आणि त्या डोमेनचा अधिकृत नेमसर्व्हर अशा तिघांना विचारलं. दोघांचं उत्तर नवं होतं, एकाचं जुनं. अधिकृत सर्व्हरचा टीटीएल दर वेळी पूर्ण 86400 सेकंद, म्हणजे 24 तास. जुनं उत्तर देणाऱ्याचा आकडा मात्र प्रत्येक वेळी उतरत होता. साठवलेल्या उत्तराचं वय डोळ्यांसमोर सरत होतं. "प्रोपगेशन व्हायचंय" हे मी ग्राहकांना सवयीनं सांगायचो, त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला. काहीही पसरत नसतं. ज्याच्या त्याच्या कॅशेमधलं जुनं उत्तर मुदत संपून गळून पडतं. साइट हलवण्याच्या आदल्या दिवशीच टीटीएल 300 वर आणायचा, ही शिस्त तेव्हापासून लागली.

पुढे एका दुकानातल्या इंटरनेट जोडणीनं माझा आणखी एक भ्रम दूर केला. रिझॉल्व्हरला साध्या पद्धतीनं विचारलं तर एक पत्ता, त्याच रिझॉल्व्हरला एचटीटीपीएसवरून विचारलं तर दुसरा. साधा डीएनएस प्रश्न उघडा जातो, वाटेत कोणीही अडवून स्वतःचं उत्तर देऊ शकतं. तिथे राउटरच तसं करत होता. डॉगोमध्ये रिझॉल्व्हरच्या पत्त्याची सुरुवात बदलली की एचटीटीपीएस, टीएलएस, क्विक अशा वाटा बदलता येतात, म्हणून ते पकडता आलं. आपण ज्याला विचारलं त्यानंच उत्तर दिलं असेल, हे गृहीत धरणं मी तिथे सोडलं.

डॉगोनं धीर दिला म्हणूनच मी डिगकडे परतलो. आता त्यातल्या प्रत्येक ओळीचं म्हणणं कळतं. मूळ सर्व्हरपासून पायरीपायरीनं मार्ग तपासायचा असेल तर मी आजही डिगच उघडतो. डॉगोची प्रेरणा बेंजामिन सागो यांनी रस्ट भाषेत लिहिलेलं डॉग, आणि आत मीक गिबेन यांची डीएनएस लायब्ररी आहे. ऋण एकाच माणसाचं नाही, हेही असं हळूहळू समजलं.

आता पनवेल-उरणकडून येणारी मुलं माझ्या शेजारी बसून हेच काम शिकतात. मॅडमचा प्रश्न मी त्यांना विचारतो. या कामात नव्यानं येणाऱ्यांना एक विनंती. डॉगो मोफत आहे, त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे. वापरा, आणि कुठे चूक आढळली तर नेमकी कशी घडली ते नीट लिहून कर्त्यांना कळवा. आपल्याला एवढी परतफेड तरी करता येते.