मागच्या पानावरचा हिशेब

माझी उभी हयात दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेली. बेरीज कुठे वाकडी गेली आहे, हे मला कागद उलगडण्यापूर्वीच कळते, अशी कचेरीत माझी ख्याती होती. असे असून माझ्याच घरातला एक हिशेब दोन वर्षे चालू होता आणि मला त्याची गंधवार्ता नव्हती, हे कबूल करताना थोडी शरमच वाटते.

आमच्या चिरंजीवांना दहावीनंतर रिवाजाप्रमाणे लातूरला ठेवले होते. शिकवण्यांचे वर्ग आमच्या नांदेडातही उदंड आहेत. पण परगावचा वैद्य नेहमीच अधिक गुणाचा वाटतो! पाठवताना मी हिशेबनिसाला शोभेल असा करार केला. "मेडिकलला नंबर लागला, तर तुला हवा तो कॉम्प्युटर." ४ मे २०२५ ला 'नीट' झाली, १४ जूनला निकाल लागला, आणि करार आपोआप रद्द झाला. चिरंजीव त्याबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. मीही बोललो नाही. घरात जेवणे तेवढी मुकाट्याने होऊ लागली.

खोली रिकामी करायला आम्ही दोघे लातूरला गेलो. गंजगोलाईजवळून मी एक रद्दीवाला बोलावून आणला. सोळा रस्ते जिथे मिळतात तिथे रद्दीवाला मिळायला कितीसा वेळ! चिरंजीव खाली गादी बांधत होते. वह्या तराजूत पडत होत्या. त्यातली भौतिकशास्त्राची एक वही उलटी पडली आणि मागचे पान उघडले.

पानावर यादी होती. प्रोसेसर, मदरबोर्ड, मेमरी, ग्राफिक्स कार्ड, आणि प्रत्येकापुढे किंमत. तारीख ऑगस्ट २०२३ ची, बेरीज एक लाख अठरा हजार. त्याखाली दुसरी यादी, पलीकडच्या पानावर तिसरी. अशा अकरा याद्या होत्या. बेरजा सगळ्या बरोबर होत्या (ती नजर आधी तिथेच जाणार!). पण प्रत्येक यादीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात सराव परीक्षेचे गुणही लिहिले होते. गुण उतरले की यादी उतरे. रंगीत दिव्यांचे कॅबिनेट गेले, मग मोठे कार्ड गेले. एप्रिल २०२५ च्या शेवटच्या यादीत बेरीज बावन्न हजार नऊशेवर आली होती आणि 'मॉनिटर' या शब्दापुढे लिहिले होते, 'घरचा टीव्ही'.

मी ती वही परत मागून घेतली. रद्दीवाल्याने ती तोललेली होती. त्याने दोन रुपये कापले.

परतीच्या एस.टी.त अहमदपूर मागे पडल्यावर मी विचारले, "हे सॉकेट म्हणजे काय रे?"

पोरगा दचकला. माझ्या मांडीवरची वही पाहून कानापर्यंत लाल झाला. पण मग जो बोलायला लागला, तो नांदेड येईपर्यंत थांबला नाही. दोन वर्षांत माझ्याशी एवढे तो पहिल्यांदाच बोलत होता. प्रोसेसर बसतो त्या खाचेला सॉकेट म्हणतात. तिथे पत्रिका जुळली नाही तर लग्नच लागत नाही. त्याने 'रायझन ५ ५६००' निवडला होता. तो २०२२ सालचा, जुन्या पिढीच्या सॉकेटचा. नव्या पिढीचा घ्यावा तर बोर्डही नवा आणि मेमरीही महागाची. मग कार्डाला पैसे उरत नाहीत, आणि खेळाच्या यंत्रात चित्र काढण्याचे खरे कष्ट कार्डाचेच. म्हणून एकवीस हजार, सगळ्यांत मोठी रक्कम, त्याने 'रेडिऑन आरएक्स ६६००'ला ठेवली होती.

"मग कार्डच आणखी भारी घ्यावे," मी म्हणालो.

"प्रोसेसर मागं पडतो, बाबा. कार्ड नुसतं वाट बघत बसतं."

हे मला समजले. एका बाजूला लाल कंधारी बैल आणि दुसऱ्या बाजूला कालचा गोऱ्हा जुंपला, तर गाडी गोऱ्ह्याच्याच चालीने चालणार.

घरी आल्यावर सौभाग्यवतींनी वही पाहिली. त्या काही बोलल्या नाहीत. फक्त बँकेचे पासबुक आणून माझ्यापुढे ठेवले.

खरेदी सिकंदराबादेला करावी असा माझा विचार होता. आमच्या आजोबांच्या काळी मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. मोठी खरेदी म्हटली की हैदराबादचीच. ती खोड आम्हांला १९५६ नंतरही सुटलेली नाही. पण गाडीभाडे धरता वाचणारी रक्कम आठशेही भरेना, आणि बिघाड झाला तर वॉरंटीसाठी पुन्हा तिकडेच पळा. तेव्हा आम्ही वजिराबादेतच गेलो.

दुकानदार मोठा गोड बोलणारा. "काका, या कॅबिनेटसंगं पॉवर सप्लाय फ्री हाय. येगळे चार हजार कशाला घालायलाव?"

'फ्री' ऐकताच माझ्या आतला हिशेबनीस उभा राहिला. चिरंजीवांनी मान हलवली. "नको. तो जळाला तर एकटा जळत नाही." मग मला बाजूला नेऊन त्याने सांगितले की चांगल्या सप्लायवर '८० प्लस' असा शिक्का असतो. म्हणजे भिंतीतून शंभर वॅट ओढले, तर निदान ऐंशी तरी यंत्राला पोहोचतात, बाकीची उष्णता होते. आमच्याकडे दिवे जातात आणि येताना उसळी मारून येतात, ते वेगळेच. कॅबिनेटही त्याने काचेचे न घेता पुढे जाळी असलेले घेतले. नांदेडच्या मे महिन्यात काचेच्या पेटीत कोण बसेल!

मेमरीच्या बाबतीत मात्र मी काटकसर सुचवलीच. "आठची एक पट्टी आज घेऊ, दुसरी दिवाळीला." तो म्हणाला, दोन पट्ट्या जोडीने चालतात तेव्हाच वेग येतो. मी हार मानली, ते बरेच झाले. त्याच वर्षाअखेर मेमरीचे भाव असे भडकले की विचारू नका. जगभरच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांनी कारखान्यांचा माल आधीच उचलला होता. डिसेंबर २०२५ मध्ये तर 'मायक्रॉन' कंपनीने किरकोळ ग्राहकांसाठीचा आपला 'क्रुशल' छापाचा धंदा बंद करत असल्याचे जाहीर केले. चिरंजीवांनी ती बातमी मला वाचून दाखवली, पण 'बघा, मी म्हणालो नव्हतो?' असे काही म्हटले नाही. मी असतो तर म्हटले असते.

पैसे देण्यापूर्वी मी वही मागून घेतली. 'घरचा टीव्ही' या शब्दांवर रेघ मारली आणि माझ्या अक्षरात लिहिले, 'मॉनिटर : ७,८००'. बेरीज साठ हजार सातशे झाली. चिरंजीव दुकानातल्या पंख्यांच्या डब्यांकडे पाठ फिरवून बराच वेळ पाहत राहिले.

रात्री दिवाणखान्यात जुळणी झाली. बटण दाबले, पंखे फिरले, पडदा मात्र काळा! साठ हजार सातशे! माझ्या पोटात गोळा आला. पोराचा चेहरा पुन्हा १४ जूनचा झाला.

"ती वायर दुसऱ्या भोकात घालून बघितलीत का?" स्वयंपाकघराच्या दारातून प्रश्न आला.

वायर बोर्डाला लावली होती, ती कार्डाला लावायला हवी होती. या प्रोसेसरला स्वतःहून चित्र दाखवता येत नाही, हे चिरंजीवांना वर्षभरापासून पाठ होते. पण ऐन वेळी विसरले.

तो आता नांदेडातच बी.एस्सी.ला जातो. रविवारी रात्री 'युरो ट्रक सिम्युलेटर' लावून मला खुर्चीवर बसवतो. काल मी जर्मनीतून माल घेऊन निघालो होतो आणि एका वळणावर ट्रक कठड्याला घातला.

"बाबा, ब्रेक डावीकडं नाही, खाली!"

"अरे, पण पावती कोण भरणार?"

"अहो, अकरा वाजले," आतून आवाज आला. "माल पोचला का?"