आज काय पाहिलेस?

विद्यार्थी मित्रांनो, वही समोर ठेवून 'मनाला येईल ते चित्र काढा' असे कोणी सांगितले, तर तुम्ही काय काढाल? सांगू? दोन डोंगर, त्यांच्या मधून वर येणारा सूर्य, खाली वाहणारी नदी, नदीकाठी एक झोपडी आणि झोपडीशेजारी नारळाचे झाड. आकाशात चार पक्षी. बरोबर ना?

मीही तेच काढत असे. माझे घर अकोल्यात आणि शाळा उर्दू माध्यमाची. आमच्या मोहल्ल्यात डोंगर नव्हता, नदी नव्हती. नारळाचे झाड तर मी जवळून कधी पाहिलेच नव्हते. तरी माझ्या प्रत्येक चित्रात नारळ असायचाच! कॅलेंडरवरचे चित्र समोर ठेवून मी त्याची हुबेहूब नक्कल करीत असे आणि सगळे वाहवा करीत.

सातवीत असताना मात्र आमच्या चित्रकलेच्या सरांनी माझे चित्र हातात घेतले, बराच वेळ पाहिले आणि विचारले, "चित्र सुबक आहे. पण हे तू कोठे पाहिलेस?"

मला उत्तर देता आले नाही.

"पुढच्या वर्षी तुला एलिमेंटरी परीक्षेला बसायचे आहे," सर म्हणाले. "तेथे स्मरणचित्र काढावे लागते. जे डोळ्यांनी पाहिले तेच हाताला आठवते. सुट्टीत तुझे स्वतःचे एक चित्र काढून आण. ते पाहून तुझे नाव द्यायचे की नाही, हे मी ठरवीन."

ही गोष्ट १९९९ सालची. एप्रिलमध्ये परीक्षा संपली आणि अम्मीने मला मामूंबरोबर ननिहालला पाठवले. ननिहालला मराठीत 'आजोळ' असा गोड शब्द आहे. माझे आजोळ वसमत तालुक्यातल्या एका लहानशा गावात होते. त्या वेळी अकोल्याहून पूर्णेकडे मीटर गेजची छोटी गाडी जात असे. वाशीम, हिंगोली असे करीत ती डुलत डुलत वसमतला पोहोचायची. खिडकीबाहेर पाहण्याच्या नादात मी माझी रंगांची पेटी बाकावरच विसरले! गाडी निघून गेल्यावर ते ध्यानात आले. मला रडूच कोसळले. रंग नाहीत, तर चित्र कसे होणार?

माझे नाना शिंपी होते. गावातल्या तीन पिढ्यांचे कपडे त्यांनी शिवले होते. पण आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. समोर माणूस उभा आहे एवढेच त्यांना कळे, तो कोण ते दिसत नसे. मशीन कोपऱ्यात झाकून ठेवले होते. ऑपरेशनचे नाव काढले की नाना घाबरत आणि विषय बदलत. दिवसभर ते अंगणातल्या कडुलिंबाखाली बाजेवर बसत. कापड हातात दिले, तर नुसत्या स्पर्शाने ते खादी आहे की मांजरपाट, हे अचूक सांगत.

पहिल्याच संध्याकाळी त्यांनी मला जवळ बसवले आणि विचारले, "बेटी, आज काय पाहिलंस?" (आम्ही आमच्या घरच्या बोलीत बोलत होतो. मी ते तुम्हाला मराठीत सांगत आहे.)

"काही नाही," मी म्हणाले.

नाना हसले. "डोळे असून काही नाही? मग तुझ्यात आणि माझ्यात फरक काय?"

दुसऱ्या दिवशी मी तयारीने आले. "नाना, आज मी शेळ्या पाहिल्या."

"किती?"

"बऱ्याच."

"कोणत्या रंगाच्या? पुढे कोण चालत होती? कोणाच्या गळ्यात घंटा होती?"

मला एकाही प्रश्नाचे उत्तर येईना. तिसऱ्या दिवशी मी शेळ्यांच्या मागे मागे पार ओढ्यापर्यंत गेले. शेळ्या अकरा होत्या. पुढे एक कान फाटलेली काळी शेळी होती. घंटा मात्र एका लंगड्या करडाच्या गळ्यात होती, ते मागे राहिले तर कळावे म्हणून. हे ऐकून नाना खूश झाले. "आता मला शेळ्या दिसल्या," ते म्हणाले.

तेव्हापासून मला रोजचा उद्योगच लागला. नानांसाठी पाहायचे आणि संध्याकाळी सांगायचे. विहिरीच्या काठावर दोराने पडलेल्या खाचा, सुगरणीचे अर्धे विणलेले घरटे, दुपारी तहानलेल्या कावळ्याची उघडी चोच. असे कितीतरी. या गोष्टी पूर्वीही तेथेच होत्या. मीच तेथे नव्हते!

शेजारच्या काकांकडे हळदीचे काम चालू होते. वसमतचा भाग हळदीसाठी प्रसिद्ध आहे. पावसाळ्याच्या तोंडावर लावलेली हळद सुमारे नऊ महिन्यांनी काढतात. शेताच्या कडेला चुलवण पेटवून मोठ्या कढईत ती शिजवतात. मी पाहायला गेले, तेव्हा शेवटची कढई चढली होती. फेस वर येत होता आणि वाफेचा उग्र वास दूरवर पसरला होता. काका एका हळकुंडात काडी टोचून पाहत होते. काडी सहज आत शिरली की हळद शिजली.

"काय पाहिजे गं, पोरी?" काकांनी विचारले.

"मी हलद पाहते," मी म्हणाले.

सगळे हसले. काकी मला जवळ घेऊन म्हणाल्या, "हलद नाही, हळद. जीभ वर वळव बघू!"

मित्रांनो, तुम्हाला माझी अडचण कळली असेल. आपल्या उर्दूत 'ळ' नाही. माझ्या तोंडी प्रत्येक 'ळ'चा 'ल' होत असे. एकदा काकींनी मला जेवायला थांबवले, तर मी ऐटीत म्हणाले, "मला वेल नाही." काकींनी कुंपणावरचा दोडक्याचा वेल दाखवला. "हा काय वेल! हवा तेवढा घे. वेळ नाही म्हण, वेळ!" मी लाजले. पण त्या दिवशी माझा हट्ट सुरू झाला. हळद, पिवळा, काळा, डोळा, उन्हाळा, आजोळ... चालता चालता मी शब्द घोकत असे. आठ दिवसांनी जीभ वळली आणि काकींनी मूठभर गूळ-शेंगदाणे बक्षीस दिले. गुळातही 'ळ' होता, बरे का!

हळदीने माझी आणखी एक अडचण सोडवली. शिजलेली हळद दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवतात. मग ड्रममध्ये घालून फिरवतात, म्हणजे वरची खरबरीत साल निघून ती पिवळीधमक होते. त्या ड्रमखाली पडलेली पूड मी पुडीत बांधून आणली. पाण्यात कालवली, तर सुंदर पिवळा रंग झाला! चुलीतल्या कोळशाने काळ्या रेघा उमटल्या. भिंतीच्या गेरूने तांबूस रंग दिला. कडुलिंबाची काडी चावून मी कुंचला केला. एके दिवशी नानीच्या पानदानातला चुना चुकून हळदीत पडला आणि पाहते तो काय, पिवळा रंग लालभडक झाला! मी धावत काकींकडे गेले. त्या म्हणाल्या, "अगं, कुंकू असंच तर करतात." हळदीतले कुर्क्युमिन नावाचे द्रव्य चुन्यासारख्या आम्लारीमुळे लाल होते, हे मी पुढे विज्ञानात शिकले. पण त्या दिवशी मला वाटले, की हा शोध जगात प्रथम मीच लावला!

एकदा काका-काकींबरोबर एस. टी.ने मी औंढा नागनाथला गेले. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानले जाणारे ते जुने मंदिर काळ्या दगडाचे आहे. बाहेरच्या भिंतींवरचे कोरीव काम पाहत मी कितीतरी वेळ उभी होते. काका वारकरी होते. परत येताना त्यांनी संत नामदेवांची गोष्ट सांगितली. हिंगोलीजवळचे नर्सी हे नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. त्यांचा जन्म १२७० सालचा. ते पंजाबपर्यंत गेले आणि त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात आहेत. रात्री मी हे नानांना सांगितले. नामदेवांचे घराणे शिंप्याचे होते हे नानांना ठाऊक होते. "आमच्याच धंद्यातले!" ते अभिमानाने म्हणाले.

मे महिन्याच्या पहिल्या दिवशी आणखी एक गंमत झाली. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली हा नवा जिल्हा झाला. मी अम्मीला लिहिलेल्या पोस्टकार्डावर आमचा पत्ता होता, 'जि. परभणी'. मामूंनी तो खोडून 'जि. हिंगोली' असे लिहिले. नाना हसत म्हणाले, "मी लहान होतो तेव्हा येथे निजामाचे राज्य होते. १९४८ साली आपण भारतात आलो. १९५६ साली मुंबई राज्यात गेलो आणि १९६० साली महाराष्ट्रात. आता हा नवा जिल्हा. मी या अंगणातून हललो नाही, आणि माझा पत्ता चार वेळा बदलला!"

सुट्टी संपत आली. मी सरांसाठी चित्र काढायला घेतले. कडुलिंब, त्याखाली बाज, बाजेवर नाना आणि मागे अंगणात वाळणारी पिवळी हळद. चार दिवस मी खपत होते. चित्र पुरे झाले, तेव्हा नाना म्हणाले, "आता मला दाखव." म्हणजे सांग. मी एकेक गोष्ट सांगत गेले. नाना डोळे मिटून ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारले, "आणि माझे अंगुस्तान?"

मी दचकून त्यांच्या हाताकडे पाहिले. उजव्या हाताच्या मधल्या बोटात पितळी अंगुस्तान होते! शिवणे सुटून किती वर्षे झाली होती, तरी नाना रोज सकाळी ते बोटात घालत. महिनाभर मी त्याच हाताला टेकून बसत होते, त्याच हाताने माझ्या केसांवरून फिरताना ते मला लागलेही होते. अकरा शेळ्या मी मोजल्या, पण नानांचा हात पाहिला नव्हता. जवळचे पाहणे सर्वांत अवघड असते, हे मला त्या दिवशी कळले. मी कोळशाची काडी घेतली आणि चित्रात अंगुस्तान काढले.

नाना बराच वेळ गप्प होते. मग हळूच म्हणाले, "हे चित्र मला पाहायचे आहे."

मित्रांनो, जे मामू, नानी आणि अम्मी यांना इतक्या वर्षांत जमले नव्हते, ते त्या साध्या कागदाने केले. नाना ऑपरेशनला तयार झाले.

जूनमध्ये शाळा उघडली. सरांनी चित्र पाहिले, पण या वेळी काही विचारले नाही. परीक्षेच्या यादीत माझे नाव लिहिले आणि चित्र वर्गाच्या भिंतीवर लावले. ती जागा खिडकीसमोर होती. रोज ऊन पडे. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, हे मला माहीत नव्हते. दिवाळीपर्यंत चित्रातली हळद पार उडून गेली. राहिल्या त्या कोळशाच्या काळ्या रेघा आणि गेरूचे डाग. चित्र उतरवून घेताना माझे डोळे भरून आले.

त्याच हिवाळ्यात नानांच्या एका डोळ्याचे ऑपरेशन झाले. पट्टी निघाल्यावर आम्ही त्यांना भेटायला गेलो. चष्मा लावून नानांनी चित्र हातात धरले. प्रथम म्हणाले, "अरे! मी एवढा म्हातारा कधी झालो?" सगळे हसले. मग त्यांनी अंगुस्तानावर बोट ठेवले आणि मागच्या कोऱ्या जागेकडे पाहून विचारले, "आणि हळद?"

"उन्हाने उडाली, नाना."

"उडू दे. तू तर पाहिली होतीस ना? सांग, कशी होती?"

आणि मी सांगू लागले.

या गोष्टीला आता पंचवीसहून अधिक वर्षे झाली. मीटर गेजची ती छोटी गाडी आता नाही. २००८ साली तो मार्ग ब्रॉड गेज झाला. नानाही नाहीत. त्यांचे अंगुस्तान माझ्या टेबलावर असते. त्याच औंढ्याजवळ दुधाळा येथे लायगो-इंडिया नावाची वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा असलेले तिचे यंत्र प्रकाश पाहत नाही. दूर अवकाशात कृष्णविवरे एकमेकांवर आदळली, की उठणाऱ्या गुरुत्वीय लहरींचा अतिशय सूक्ष्म कंप ते टिपते. अमेरिकेतल्या अशाच यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिल्यांदा तो टिपला. हे वाचले, तेव्हा मला बाजेवर बसलेले, डोळे मिटून बोटांनी कापड ओळखणारे नाना आठवले.

मित्रांनो, 'नजर' हा शब्द उर्दूत आहे आणि मराठीतही आहे. डोळे सर्वांनाच असतात. नजर कमवावी लागते. त्यासाठी डोंगर, समुद्र किंवा महागडी रंगपेटी लागत नाही. येत्या सुट्टीत तुम्ही गावाला जाल किंवा घरीच राहाल. संध्याकाळ झाली की एकच प्रश्न स्वतःला विचारा, "आज काय पाहिलेस?" उत्तर 'काही नाही' असे आले, तर आपल्या अगदी जवळ बसलेल्या माणसाच्या हातांकडे पाहा. तेथून सुरुवात करा.