भीमेचा गाळ

आमच्या जिल्ह्यास आता कलबुर्गी म्हणतात. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारदप्तरी ते नाव रूढ झाले. आम्हां जुन्या मंडळींच्या तोंडी अजून गुलबर्गाच येते आणि नातवंडे आम्हांस दर वेळी टोकतात. नावाचा बदल आम्ही कसाबसा पचवला. दुसरी एक गोष्ट पचवावयास मात्र पाच वर्षे लागली, आणि ती या पत्रिकेत लिहावी की न लिहावी याचा निर्णयही अलीकडेच झाला. सीमाभागातील आपल्यासारख्या जुन्या घराण्यांस ती सर्वस्वी परकी वाटणार नाही, या भरवशावर लिहीत आहोत.

आमचे मूळ गाव अफजलपूर तालुक्यात, भीमेच्या काठी. घराण्याकडे गावचे कुलकर्णी वतन होते. वाडा उंचवट्यावर, त्याखाली मारुतीचे देऊळ आणि अगदी नदीच्या अंगास, सखल जागी, ती वस्ती जिला आमच्याकडे कन्नड शब्दाने 'केरी' म्हणतात. गावे अशी का वसवली गेली हे निराळे सांगावयास नको. पाणी चढू लागले की सर्वांत आधी कोठे शिरणार, हे शेकडो वर्षांपूर्वीच ठरून गेलेले आहे.

भीमेचा पूर सहसा वर्दी देऊन येतो. पाऊस पडतो भीमाशंकराच्या डोंगरात आणि पुण्याच्या मावळात. नीरा नरसिंहपुरास मिळते, पंढरपुरास नदी चंद्रभागा म्हणवते, हत्तरसंग-कुडल येथे सीना मिळते आणि मग ती आमची होते. (त्या कुडलचा शके ९४० चा शिलालेख मराठीच्या आद्य लेखांत गणला जातो, हे जाणकारांस ठाऊकच आहे. भाषा आणि पाणी, दोन्ही आमच्याकडे एकाच वाटेने आली.) वरच्या अंगास उजनी, आमच्या हद्दीत सोन्नचा बंधारा, दारे उघडल्याची बातमी पाण्याच्या आधी पोचते. परंतु ऑक्टोबर २०२० मध्ये तसे झाले नाही. बंगालच्या उपसागरातील वादळी पट्टा १३ तारखेस काकीनाड्यापाशी किनाऱ्यावर आला, हैदराबाद बुडवून आमच्या डोक्यावरून पश्चिमेस गेला. आधी आमचा पाऊस, मागोमाग वरच्या धरणांचे पाणी. गाणगापूरचा संगम पाण्याखाली गेला. कापणीस दोन-अडीच महिने उरलेली तूर उभ्या उभ्या पिवळी पडली, कारण तुरीच्या मुळाशी पाणी साचलेले चालत नाही. करोनाचे वर्ष, लोकांस शाळेत एकत्र ठेवावे तर साथीची भीती, न ठेवावे तर नदीची.

त्या वर्षी अधिक आश्विन आल्याने घटस्थापना १७ ऑक्टोबरला होती. आमच्या मंडळाने दोन दिवसांत साड्यांचे चार गठ्ठे, घोंगड्या आणि शिधा गोळा केला. पाणी ओसरू लागल्यावर, गुरुवारी २२ तारखेस, आमचा टेम्पो गावात पोचला आणि मारुतीच्या पारापाशी थांबला. पुढे रस्ता नव्हता, गाळ होता. आम्ही पारावरूनच वाटप सुरू केले. जे पारापर्यंत येऊ शकले त्यांना मिळाले.

थोड्या वेळाने दुसरा टेम्पो आला. त्यातून पंचवीस-तीस तरुण मुले-मुली उतरली. फावडी, घमेली, बादल्या, ब्लीचिंग पावडरची पोती, एक मोठे पातेले. टेम्पोवर चर्चच्या तरुण मंडळाचा फलक होता. आमच्यातील एकाने त्या फलकाकडे पाहून नाक मुरडले. आमचा फलक त्याच्या दुप्पट मोठा होता, हे त्याच्या ध्यानी आले नसावे. त्या मंडळींची प्रमुख एक मध्यमवयीन परिचारिका होती, बिदरकडची. तिने पारावरील लोकांस पहिला प्रश्न विचारला तो असा, की केरी कोठे आहे. उत्तर मिळताच मंडळी गुडघाभर गाळातून तिकडे निघाली.

आता आमची चूक सांगतो. आम्ही तिला थांबवले आणि विचारले, "बाई, तिथे प्रार्थना वगैरे घेणार आहात का?" शब्द सभ्य होते, परंतु त्यामागे काय होते ते तिलाही कळले आणि आम्हांसही.

ती म्हणाली, "प्रार्थना रविवारी असते, सर. आज गुरुवार. तुमच्या टेम्पोत ब्लीचिंग पावडर आहे का? आमची पुरणार नाही."

आमच्याकडे साड्या होत्या.

संकटानंतर ख्रिस्ती मंडळी धावून आली की हा प्रश्न उठतोच, आणि तो आजचा नाही. पंडिता रमाबाईंचे आईवडील १८७४ च्या सुमारास दक्षिणेतील दुष्काळात अन्नान्न करून गेले. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्याच रमाबाई मध्य प्रांतात जाऊन निराधार मुली-स्त्रियांस केडगावी घेऊन आल्या. तेव्हा त्यांच्यावर झालेली टीका आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या आली आहे. टीकेत तथ्य नव्हतेच असे आम्ही म्हणत नाही, आणि टीकाकार सारेच हात बांधून बसले होते असेही नाही. पण याच रमाबाईंनी १९१२-१३ च्या सुमारास गुलबर्ग्यास शाळा काढली आणि कन्या मनोरमाबाईंस तिचे काम सोपवले, हे आमच्या किती घरांत ठाऊक आहे? बिदरात तर मेथडिस्ट मिशन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आहे. मंगलपेठेकडे जाणाऱ्यास ते दिसतेच. २००५ साली कॅथलिकांचा गुलबर्गा धर्मप्रांत वेगळा झाला. हुमनाबादेस त्यांची ऑर्बिट ही संस्था महिलांच्या बचतगटांचे काम करते. २००९ च्या सप्टेंबरअखेरीस उत्तर कर्नाटक बुडाले, मंत्रालयाच्या मठात पाणी शिरले, तेव्हा कारितास इंडिया आणि कासा या ख्रिस्ती संस्थाही मदतीस उतरल्या होत्या. आम्हीही त्या वेळी जुने कपडे पाठवले होते. परतताना तेच कपडे रस्त्याकडेच्या डबक्यांत टाकून दिलेले पाहिले. ओल्या घरात जुने कपडे ठेवावयास कोरडी खुंटीही नसते, हे आम्हांस तेव्हा सुचले नव्हते आणि २०२० मध्येही सुचले नाही.

दुपारपर्यंत केरीतील दोन विहिरींचा उपसा सुरू झाला होता. आम्ही तेथवर गेलो. परिचारिका वहीत घरांची नोंद करीत होती आणि एक मुलगी प्रत्येक घराचे, गाळ काढण्यापूर्वी, मोबाइलवर छायाचित्र घेत होती. आम्ही कारण विचारले. घर स्वच्छ झाल्यावर पंचनाम्यास आलेल्या माणसास पाण्याची रेघ दिसत नाही, आणि घरात पाणी शिरलेल्यांस सरकार जे दहा हजार देते ते बुडतात, असे तिने सांगितले. आमच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या नोंदी ठेवल्या. अशी नोंद आम्ही कधी ठेवली नव्हती.

वाड्याचा मागचा भागही पाण्यात गेला होता. बळदातील ज्वारी फुगून कुजली होती. तो वास ज्याने घेतला आहे त्यास वर्णन नको. गावात मजूर मिळेना, कारण ज्याचे त्यास आपले घर होते. वाड्यात आमच्या काकू एकट्या, वय चौऱ्याऐंशी, नवरात्राचे नऊ दिवसांचे उपवास चाललेले. चार वाजण्याच्या सुमारास त्या मंडळींतील चौघे फावडी घेऊन दारी आले. परिचारिकेने पाठवले होते. तिघे अंगणातील गाळास लागले. चौथा, बाविशीतला तरुण, माजघराच्या उंबरठ्याशी थांबला. त्याने विचारले, "आत येऊ का?" विचारले काकूंना, पाहिले मात्र आमच्याकडे.

आम्ही काही बोललो नाही. किती वेळ गेला ते सांगता येत नाही, फार नसेल. पण त्या वेळात आम्हांस कळले की तो कोणाचा आहे. नाकी डोळी तसाच होता. त्याचा आजोबा आमच्या गोठ्यातील शेणघाण काढी आणि अंगणाच्या अलीकडे त्याने कधी पाऊल टाकले नव्हते. आम्ही शिकलेले, सभांतून समतेवर बोललेले. तरी 'ये' हा एकाक्षरी शब्द आमच्या तोंडून निघाला नाही.

काकू म्हणाल्या, "ये की. चिखल काय मी काढू?"

तो आत आला. बळदाचे तोंड मोकळे करून घमेली भरू लागला. काकू दारात बसून राहिल्या. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, "तू कुणाचा रे?" त्याने आजोबांचे नाव सांगितले. त्याचे वडील मिशनच्या वसतिगृहात राहून बिदरास शिकले आणि तेथेच स्थायिक झाले, असेही सांगितले. काकू गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "त्याचा पाय बरा झाला का रे शेवटी?"

आम्हांस आठवण नव्हती. काकूंना होती. आमच्या गोठ्यात खोंडाने त्यास लाथ मारली होती. गूळ-हळदीचा लेप त्याच्या घरी पोचवला गेला, पुढची चौकशी कोणी केली नाही.

"माहीत नाही, अव्वा," तो म्हणाला. "मी नव्हतो तेव्हा. लंगडत चालायचे म्हणतात."

अंधार पडेपर्यंत चौघांनी माजघर मोकळे केले. काकूंनी आम्ही शहरातून त्यांच्यासाठी नेलेले राजगिऱ्याचे लाडू त्यांच्या हातावर ठेवले, आणि ती मुले ओसरीवर बसून खात होती. केरीतून पातेल्यातली खिचडी आली. आम्ही ती खाल्ली. घरी सांगितले नाही. कोणी विचारलेही नाही.

परतीच्या वाटेवर आम्हांस दामाजीपंत आठवले. ते आख्यान लहानपणी काकूंनीच सांगितले होते. मंगळवेढ्याच्या पंतांनी दुष्काळात बादशाही कोठारे लोकांस खुली केली आणि विठोबाने विठू महाराच्या रूपाने बेदरास जाऊन त्यांची रक्कम भरली. देवाने तेच रूप का घ्यावे, हे आम्ही तेव्हा विचारत असू. पुढे घरचे वतनाचे कागद वाचताना उलगडा झाला. सरकारी भरणा पोचवणे हे महारकीचेच काम होते. कथा सांगणाऱ्यास ती नेहमीची गोष्ट होती, म्हणून त्याने तिचे कारण दिले नाही.

काकू २०२३ साली गेल्या. २०२५ च्या सप्टेंबरात सीना आणि भीमा पुन्हा पात्राबाहेर आल्या, पुन्हा नवरात्राच्याच दिवसांत. आम्ही गुलबर्ग्यास दूरचित्रवाणीसमोर बसलो होतो. रात्री फोन वाजला. तोच तरुण होता; आता तो बिदरास नोकरीस आहे. इकडची-तिकडची चौकशी न करता त्याने विचारले, "काका, बळदातली ज्वारी वर काढली का?"

काढली नव्हती. किल्ली आमच्याजवळ होती.

"मग सकाळी सहाला आम्ही गुलबर्ग्यावरून जातो आहोत," तो म्हणाला. "टेम्पोत एक जागा आहे. गमबूट असतील तर घालून या."

गमबूट नव्हते. नातवाचे निघाले, एक माप लहान.